मराठी मालिकांना मराठी सबटायटल्स का नाहीत?

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी 'परदेशात मराठी कशी टिकवायची' या विषयावर निदान तीन लेख असतात. एक मराठी शाळेबद्दल, एक घरात मराठीच बोलण्याच्या आग्रहाबद्दल आणि एक 'आमच्या लहानपणी' छापाचा. तिन्ही मी आवडीने वाचतो. पण या सगळ्या लेखांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही की मराठी ही कानाने शिकायची भाषा आहे. आई बोलते, आजी गोष्ट सांगते, मूल ऐकतं आणि आपोआप शिकतं. ज्या मुलाला ऐकूच येत नाही त्याने मराठी कुठून शिकायची? याचं उत्तर मला आजवर एकाही लेखात सापडलेलं नाही. खरं सांगायचं तर प्रश्नसुद्धा सापडलेला नाही!

म्हणून मंडळी, यंदा फराळाबरोबर थोडं कडू. माझं म्हणणं असं : मराठी वाहिन्यांनी आपल्या मालिका, चित्रपट आणि लहान मुलांचे कार्यक्रम मराठी सबटायटल्ससह दाखवले पाहिजेत. मराठी कार्यक्रमाला मराठीच अक्षरं, इंग्रजी नव्हेत. ती न दाखवायला आज कुठलंही तांत्रिक कारण उरलेलं नाही, आणि ती मागायची ताकद ज्यांच्या खिशात आहे त्या आपण परदेशस्थ मंडळींनी ती कधी मागितलेलीच नाहीत. (सबटायटल्सना 'उपशीर्षके' असा शब्द आहे म्हणे. तो बोलण्यात वापरणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. तेव्हा सबटायटल्सच म्हणू या.)

माझ्या डोक्यात हा विषय पक्का बसला तो टीव्हीसमोर नव्हे, तर कामाच्या जागी. मी पोटापाण्यासाठी गोदामांच्या संगणक प्रणाली बसवून देतो आणि सध्याचं काम बिरकत अल अवामेरला आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हा भाग पाहिलेला नसेल, आणि मुद्दाम पाहायला जावं असं तिथे काही नाहीही. दोह्याच्या दक्षिणेला, अल वक्रा नगरपालिकेच्या हद्दीत, लांबच लांब गोदामं, ट्रकच्या रांगा, कामगारांच्या वसाहती आणि या सगळ्यावर सारखी पसरलेली धूळ. अशा एखाद्या गोदामात शिरलं की पहिल्या पाच मिनिटांत कळतं, इथे सगळेच बहिरे आहेत. मोठे पंखे, कन्व्हेयरचा खडखडाट, मागे येणाऱ्या ट्रकची पीं-पीं. शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, मग फोर्कलिफ्टचा हॉर्न कुठून ऐकू येणार? म्हणून फोर्कलिफ्टच्या पुढे जमिनीवर निळ्या दिव्याचा ठिपका पडतो. ठिपका दिसला की बाजूला व्हायचं. सूचनांचे फलक अरबी, इंग्रजी, हिंदी, उर्दूत लावलेले असतात. 'अहो पण आम्ही तोंडी सांगितलं होतं की' असं इथला सुरक्षा अधिकारी कधी म्हणत नाही. ऐकू न येणं हा माणसाचा दोष नाही, जागेची व्यवस्था त्या हिशेबाने केली पाहिजे, हे इथे गृहीत धरलेलं आहे. जेवणाच्या हॉलमध्ये उंचावर टीव्ही असतो. ताटांच्या आवाजात त्याचा आवाज कुणालाच येत नाही. सगळे पडद्याखालची अक्षरं वाचत जेवतात.

खोके हलवणाऱ्या गोदामाला जे कळतं, ते करमणुकीचा धंदा करणाऱ्या वाहिन्यांना कळत नाही, हे पटत नाही. कळतं, पण वळत नाही.

आता ही मुलं कोण आणि किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार ऐकण्यात अडथळा आणण्याइतपत दोष असलेली माणसं जगात सुमारे ४३ कोटी आहेत आणि त्यांत ३.४ कोटी मुलं आहेत. भारताच्या २०११ च्या जनगणनेत श्रवणदोषाची नोंद ५० लाखांवर माणसांच्या नावापुढे झाली. आपल्याकडे त्यांना पूर्वी सरसकट 'मूकबधिर' म्हणत, अनेक शाळांच्या पाट्यांवर अजूनही तसंच लिहिलेलं आहे. यातल्या बहुतेक मुलांच्या गळ्यात काही दोष नसतो. शब्द कानावर पडले नाहीत म्हणून तोंडातून येत नाहीत, इतकंच. म्हणून 'कर्णबधिर' हा शब्द बरा. आणि हा प्रश्न काही नवा नाही. आपल्या मुंबईत, माझगावला, कर्णबधिर मुलांसाठी शाळा निघाली ती १८८५ साली. राष्ट्रीय सभेची, म्हणजे काँग्रेसची, स्थापना झाली तेच वर्ष! वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. शिकवणारे आहेत, तपासणारे आहेत, यंत्रं बसवणारे आहेत. पण शाळा सुटून मूल घरी आलं आणि टीव्ही लागला, की ते पुन्हा एकटं.

हे एकटेपण म्हणजे काय ते नीट समजून घेतल्याशिवाय पुढचं सगळं निव्वळ तांत्रिक वाटेल, म्हणून इथे जरा थांबतो.

ऐकू येणारं मूल भाषा शिकतं ती त्याला शिकवलेल्या शब्दांमधून फारच थोडी. बाकीची ते चोरून शिकतं. मोठी माणसं आपसांत बोलत असतात, फोनवर कुणाची तरी उणीदुणी चाललेली असतात, टीव्हीवर सासू सुनेला टोमणा मारते, आणि मूल कोपऱ्यात खेळण्याशी खेळत असल्याचं दाखवत सगळं टिपत असतं. 'डोळ्यांत धूळ फेकणं', 'पाणी पाजणं', 'अगोबाई', 'काय राव' यांतलं काहीही आपल्याला कुणी धडा म्हणून शिकवलेलं नाही. कर्णबधिर मुलाला ही चोरी करताच येत नाही. त्याला मिळते ती समोर बसून, ओठ हलवून, सावकाश दिलेली भाषा. पाठ्यपुस्तकी, स्वच्छ आणि तुटपुंजी.

बरं, ओठांवरून वाचता येतं म्हणावं तर मराठीत तेही सोपं नाही. आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता 'पाय', 'बाय', 'माय' म्हणून पाहा. तिन्ही शब्द ओठांवर सारखेच दिसतात. 'क', 'ख', 'ग' तर घशाजवळच उमटतात, ते ओठांवर येतच नाहीत. आणि आपली मराठी ज्या प्रत्ययांवर उभी आहे ते 'ला', 'ने', 'त', 'हून' शब्दाच्या शेवटी इतके हळू आणि घाईत उच्चारले जातात की श्रवणयंत्र लावलेल्या कानालाही ते निसटतात. म्हणून ही मुलं 'मी शाळा जातो' असं लिहितात. मूल बुद्धीने कमी आहे म्हणून नव्हे, तर 'शाळेत'मधला 'त' त्याच्यापर्यंत कधी पोचलेलाच नसतो म्हणून. तोच 'त' रोज संध्याकाळी, दहा वेगवेगळ्या वाक्यांत, हसणाऱ्या-रडणाऱ्या चेहऱ्यांखाली लिहिलेला दिसला तर? यापेक्षा सोपा, स्वस्त आणि गोड भाषेचा वर्ग मला तरी सुचत नाही. शिक्षक नको, फी नको, गृहपाठ नको.

आपल्या ओळखीच्या एका घरात दहा वर्षांचा असा मुलगा आहे. इथल्या शाळेत इंग्रजीत शिकतो, देवनागरी त्याच्या आईने चिकाटीने शिकवली आहे. सांगलीची आजी तीन महिन्यांच्या व्हिसावर येते तेव्हा संध्याकाळी मालिका लागतात. सगळे हसले की तो विचारतो, काय झालं? आणि उत्तर मिळतं, "थांब रे, नंतर सांगते." नंतर कोण सांगतं? आणि सांगितलेला विनोद हा विनोद राहतो का? जगभरच्या कर्णबधिर माणसांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारा, 'नंतर सांगते' हे उत्तर प्रत्येकाच्या घरी सापडेल. ते निर्दयपणाने दिलेलं नसतं. घरातल्यांना तेवढ्यात पुढचा संवाद ऐकायचा असतो, इतकंच. पण पडद्यावर अक्षरं असती तर मूल त्याच क्षणी, सगळ्यांबरोबर हसलं असतं. इंग्रजी कार्टून्सवर त्या घरी अक्षरं येतात. परिणामी मुलाची इंग्रजी वाढते आहे आणि मराठी जिथल्या तिथे आहे. आजीशी बोलायला लागते ती नेमकी मराठीच!

यावर मला हमखास मिळणारं उत्तर म्हणजे, "सबटायटल्स असतात की हल्ली!" असतात, मान्य. ॲपवरच्या मराठी चित्रपटांना बहुधा इंग्रजी सबटायटल्स असतात. पण ती कुणासाठी असतात? मराठी न समजणाऱ्यासाठी. आपल्या अमेरिकेतल्या सूनबाईंसाठी, शेजारच्या मल्याळी कुटुंबासाठी, चित्रपट महोत्सवाच्या परीक्षकांसाठी. साताऱ्याच्या किंवा जालन्याच्या कर्णबधिर शाळेत मराठीतून शिकणाऱ्या मुलीला इंग्रजी अक्षरांचा काय उपयोग? मराठी समजतं पण ऐकू येत नाही, असाही प्रेक्षक असू शकतो, हे आपल्या निर्मात्यांच्या मनात आलेलंच नाही. शिवाय भाषांतराची सबटायटल्स आणि न ऐकू येणाऱ्यासाठी केलेली सबटायटल्स यांत फरक असतो. दुसऱ्या प्रकारात 'दार वाजतं', 'बाहेर पाऊस', 'दुरून हाक' असं कंसात लिहिलेलं असतं. कोण बोलतंय ते कळावं म्हणून बीबीसी पांढरा, पिवळा, निळसर आणि हिरवा असे वेगळे रंग वापरते. भूतपटात पडद्यावर रिकामी खोली दिसते आणि आपण दचकतो, कारण मागे पैंजण वाजलेले असतात. ते पैंजण लिहिले नाहीत तर कर्णबधिर मुलाला आपण नुसती रिकामी खोली दाखवतो.

गेल्या गणपतीपासून मी घरी येणाऱ्या मराठी वाहिन्यांवर आणि ॲपवर मराठी सबटायटल्स शोधतो आहे. रिमोटवरचं बटण दाबलं की 'उपलब्ध नाही' असं येतं. एका सेवेच्या ग्राहक केंद्रातल्या गृहस्थांनी फार अदबीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, पण तुम्हाला मराठी येतं ना?" येतं हो! तोच तर मुद्दा आहे.

कायदा काय म्हणतो? कायदा आपल्या बाजूने आहे, अगदी स्पष्टपणे. भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००७ साली मान्य केला, कतारने २००८ साली. दूरदर्शन कार्यक्रम समजतील अशा स्वरूपात मिळणं हा हक्क आहे असं त्या करारात लिहिलेलं आहे. भारताचा २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा तर कलम २९ मध्ये श्रवणदोष असलेल्यांसाठी टीव्ही कार्यक्रमांना खुणांची भाषा किंवा सबटायटल्स असावीत असं नाव घेऊन सांगतो, आणि कलम ४२ मध्ये पुन्हा सांगतो. सप्टेंबर २०१९ मध्ये माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने टीव्हीसाठी मानकं जाहीर केली. सुरुवात थोड्या कार्यक्रमांपासून, दरवर्षी वाढ, आणि २०२५ पर्यंत निम्मे कार्यक्रम असा आलेख आखला. कागदावर सुंदर आहे. पण त्याच कागदात थेट प्रक्षेपणाला सूट, वादचर्चांना सूट, रिॲलिटी शोना सूट. आपल्या वाहिन्यांच्या दिवसातून एवढं वगळल्यावर उरतं काय? शिवाय सबटायटल्स द्या किंवा खुणांची भाषा द्या, असा पर्याय ठेवला. पर्याय दिला की आपल्याकडे काय होतं ते सांगायला नको. दिवसातून एक बातमीपत्र कोपऱ्यातल्या दुभाष्यासह दाखवलं की झालं कर्तव्य! २०२५ उलटून गेलं, आता तुम्हीच रिमोट हातात घ्या आणि निम्मे कार्यक्रम मोजा.

खुणांच्या भाषेला माझा विरोध आहे असा अर्थ कृपया काढू नका. ज्यांची ती पहिली भाषा आहे त्यांना ती हवीच, आणि ती संपूर्ण भाषा आहे, हातवारे नव्हेत. आपल्या इथल्या मदा केंद्राने अरबी खुणांच्या भाषेत बोलणारं 'बू हमद' नावाचं संगणकी पात्रच तयार केलं आहे, ते मुलांना दाखवण्यासारखं आहे. पण खुणांनी मराठी वाचायला येत नाही, आणि मराठी वाचायला न येणाऱ्या मुलाचं पुढे परीक्षेत, नोकरीत, बँकेच्या फॉर्मवर अडतं. दोन्ही हवं. एकाच्या नावाने दुसरं टाळायचं, ही वाहिन्यांची आणि सरकारची सोय झाली.

आता पैशाचं आणि तंत्राचं. हा माझ्या धंद्याचा प्रांत, म्हणून थोडं सविस्तर.

एकेकाळी तांत्रिक अडचण खरी होती. अमेरिकेत टीव्हीच्या चित्राच्या एकविसाव्या ओळीत जी अक्षरं लपवून पाठवत, ती पद्धत रोमन लिपीसाठीच घडवलेली होती. तिच्यात जोडाक्षरं, वेलांट्या, रफार बसणं शक्य नव्हतं. पण ती गोष्ट जुनी झाली. डिजिटल टीव्हीच्या डीव्हीबी पद्धतीत सबटायटल हे चित्र म्हणून पाठवता येतं. चित्राला लिपी नसते. त्यात देवनागरी काय, मोडीसुद्धा जाईल! ॲपवर तर साधी युनिकोड फाइल पुरते. हिशेब करून पाहा : २२ मिनिटांच्या भागात तीन हजारांच्या आसपास शब्द. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह युनिकोडमध्ये तीन बाइट घेतं. वेळेच्या नोंदी धरून सगळी फाइल साधारण १०० केबी. तुम्ही काल रात्री मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर जो गुलाबाच्या फुलाचा 'सुप्रभात' पाठवलात तो याहून जड असेल.

आणि ही फाइल लिहायची कुणी? मंडळी, ती आधीच लिहिलेली आहे! मालिकेचे संवाद काही नट आयत्या वेळी मनाने म्हणत नाहीत. संवादलेखक ते देवनागरीत टंकून सेटवर पाठवतो, तिथे त्याच्या प्रती निघतात, नट पाठ करतात. म्हणजे सबटायटलचा कच्चा माल रोज सकाळी तयार होतो आणि रोज रात्री केराच्या टोपलीत जातो. नटाने बदललेला शब्द दुरुस्त करायचा, वाक्यं वाचता येतील अशी तोडायची, वेळा लावायच्या, एवढंच काम उरतं. मेकअपच्या आणि सासूबाईंच्या दागिन्यांच्या खर्चापुढे हे चणेफुटाणे आहेत. यंत्राकडून बोलणं अक्षरांत उतरवून घेणंही आता शक्य झालं आहे, पण ते कुणी मराठी माणसाने तपासल्याशिवाय दाखवू नये असं माझं ठाम मत आहे. मालवणी किंवा वऱ्हाडी संवाद आला की यंत्र काहीतरीच लिहितं. ऐकू येणारा माणूस ते वाचून हसतो, कर्णबधिर मूल ते शिकतं.

सरकारचा हिशेब तर त्याहून विचित्र. २०१४ पासून केंद्राच्या 'अडिप' योजनेत लहान मुलांना कॉक्लियर इम्प्लांट मिळू लागलं, तेव्हा एका यंत्रामागे ६ लाख रुपयांपर्यंत खर्चाची मर्यादा ठरवली होती. फार चांगली गोष्ट आहे. पण इम्प्लांट बसवलेल्या मुलालाही मागे संगीताचा गोंगाट असलेला संवाद कळणं अवघड जातं, आणि आपल्या मालिकांत दर वाक्यामागे ढोल-ताशे! कानासाठी लाखो खर्चायचे आणि त्या कानाला जोड म्हणून लागणारी, जवळजवळ फुकटातली अक्षरं मात्र द्यायची नाहीत.

आता कुणी म्हणेल, हे भारतात जमणारं नाही. तर मंडळी, जमलेलं आहे. अहमदाबादच्या आयआयएममधले प्राध्यापक ब्रिज कोठारी यांनी १९९६ साली कल्पना मांडली की गाण्याच्या कार्यक्रमात गाण्याचे शब्द त्याच भाषेत खाली दाखवावेत. १९९९ साली गुजराती दूरदर्शनच्या 'चित्रगीत'मध्ये ते सुरू झालं, २००२ साली राष्ट्रीय वाहिनीच्या 'चित्रहार'मध्ये आलं. त्यांचा उद्देश कर्णबधिरांपुरता नव्हता. जेमतेम अक्षरओळख असलेल्यांना वाचनाचा सराव व्हावा, हा होता. पण एकाच खर्चात दोघांचं भलं होतं. आणि मराठीतही हा प्रयोग झालेला आहे! त्यांच्या प्लॅनेटरीड या संस्थेने २०१३ नंतर काही काळ झी टॉकीजवर मराठी चित्रपट मराठी सबटायटल्ससह दाखवून घेतले. म्हणजे मराठी वाहिनीवर, मराठी अक्षरं, महाराष्ट्राच्या घराघरांत. आकाश कोसळलं नाही, प्रेक्षक पळून गेले नाहीत. प्रकल्पाच्या जोरावर सुरू झालेली गोष्ट प्रेक्षकांनी मागणी लावून धरल्याशिवाय टिकत नाही, हेच यातून दिसतं. गुजरातीने आपल्या आधी सुरुवात केली याचं तरी आपल्याला वाईट वाटावं, एरवी आपण कशाकशावरून इरेला पेटतो!

अमेरिकेची गोष्ट याच कारणासाठी सांगतो. तिथे देशभर दिसलेला पहिला सबटायटल्सचा कार्यक्रम १९७२ सालचा, आणि तो चक्क पाककृतींचा होता. ज्युलिया चाइल्ड यांचा 'द फ्रेंच शेफ'. (आपल्याकडच्या खवय्यांच्या कार्यक्रमात 'चवीपुरतं मीठ' हेसुद्धा कर्णबधिर मुलीला दिसत नाही.) १९८० साली वेगळा डबा विकत घेऊन अक्षरं पाहायची सोय झाली. पण डबा महाग, म्हणून घेणारे थोडे, घेणारे थोडे म्हणून वाहिन्यांना उत्साह नाही. हे रडगाणं दहा वर्षं चाललं. मग १९९० साली कायदा झाला : जुलै १९९३ पासून १३ इंच आणि त्याहून मोठ्या प्रत्येक टीव्हीत ही सोय आतच बसवलेली हवी. झालं, डबाच उरला नाही. तो कायदा वाहिन्यांच्या दयाबुद्धीतून आला नाही, मागणाऱ्यांनी मागून मागून आणला. त्याचा फायदा मला स्वतःला मिळाला. २००४ साली मी तिथे एम.एस. करायला गेलो तेव्हा टेक्सासच्या प्रोफेसरांचे उच्चार आणि टीव्हीवरचे विनोद दोन्ही डोक्यावरून जात. वसतिगृहातल्या टीव्हीवर अक्षरं लावून पहिल्या सहा महिन्यांत जे इंग्रजी कळू लागलं ते माझ्या कानाने नव्हे, डोळ्यांनी. बीबीसीने २००८ साली आपल्या मुख्य वाहिन्यांवरच्या शंभर टक्के कार्यक्रमांना सबटायटल्स दिली, थेट बातम्यांसह. आपल्याकडे थेट कार्यक्रमांना सूट!

आता शेवटची तक्रार आपल्याबद्दल. आपण इथे मराठी वाहिन्या पैसे मोजून पाहतो. कुणी डिशवर, कुणी टेलिफोन कंपनीच्या बॉक्सवर, कुणी ॲपवर. वाहिन्यांच्या दृष्टीने आपण रियाल-डॉलरमध्ये पैसे देणारं गिऱ्हाईक आहोत. मालिका अर्धा तास उशिरा दिसली तर आपण ग्राहक केंद्राला फोन करून भांडतो. क्रिकेट मिळालं नाही तर वर्गणी बंद करतो. गेल्या काही वर्षांत आपण वाहिन्यांकडे सबटायटल्सही मागितली, पण ती इंग्रजी, आपल्या मुलांना मराठी कळत नाही म्हणून! ती मिळालीसुद्धा. म्हणजे मागितलं की मिळतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा आपण पेढे वाटले. त्या अभिजात भाषेची लिपी मात्र तिच्याच करमणुकीच्या पडद्यावर नावांच्या पाटीपुरती. आणि विचार करा, मराठी अक्षरं खाली आली तर फायदा फक्त त्या एका मुलाचा आहे का? आपली ऐकू येणारी मुलं, जी 'ळ' पाहून अडखळतात आणि जोडाक्षर आलं की पान उलटतात, तीही रोज अर्धा तास नकळत देवनागरी वाचतील. सत्तरी ओलांडलेले आपले आईवडील टीव्हीचा आवाज एवढा वाढवतात की शेजारी भिंत ठोकतात, त्यांचाही प्रश्न सुटेल.

तेव्हा मंडळाच्या कार्यकारिणीपुढे दोन गोष्टी ठेवतो. पहिली, प्रत्येक सभासद कुटुंबाने आपण ज्याला पैसे देतो त्या वाहिनीला किंवा ॲपला मराठीतून एक पत्र पाठवावं : आम्हाला मराठी कार्यक्रमांना मराठी सबटायटल्स हवीत, आधी लहान मुलांच्या कार्यक्रमांना आणि रोजच्या एका मालिकेला. मजकूर मी तयार केला आहे, ज्यांना हवा त्यांनी गटावर मागावा. वर्गणी नूतनीकरणाच्या महिन्यात पाठवलेल्या पत्राचं वजन जास्त असतं, हे आपल्यातल्या विक्री खात्यातल्या मंडळींना सांगायला नको.

दुसरी गोष्ट घरची. आपल्या गणेशोत्सवाच्या, बालनाट्याच्या आणि अशोका हॉलमधल्या कार्यक्रमांच्या चित्रफिती आपण यूट्यूबवर टाकतो, त्यांतल्या एकालाही मराठी सबटायटल्स नाहीत. वाहिन्यांना पत्र लिहिण्याआधी निदान त्या तरी करू या. यंदाच्या बालनाट्याची संहिता माझ्याकडे आली आहे आणि वेळा लावण्याचं काम मी करतो. नाटकाच्या दिवशी मुलांनी संहितेतलं निम्मं विसरून स्वतःचंच म्हटलं आहे, ते ऐकून टंकायला दोन माणसं हवीत आणि ऱ्हस्व-दीर्घ तपासायला एक खडूस शिक्षक हवा. शुक्रवारी सकाळी नऊ वाजता, मराठी शाळेच्या वर्गाशेजारच्या खोलीत. लॅपटॉप आणि हेडफोन आपापला आणावा, चहा आमच्या घरून येईल.